खालाचं देणं

जलालाबादच्या दवाखान्यात माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या बाईला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मीही म्हणू लागले. कागदोपत्री ती आया होती. फरशी पुसणं, लहान मुलांची वजनं करायला हात देणं, बायकांची रांग लावणं ही तिची कामं. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. तिची माणसं अजून तिकडं आहेत आणि त्यांच्या दारात कुठल्याही कारणानं कुणी चौकशीला जावं असं मला वाटत नाही.

२००१ नंतर भारत सरकारनं अफगाणिस्तानात काबूल, हेरात, कंदाहार, मजार-ए-शरीफ आणि जलालाबाद अशा शहरांत वैद्यकीय पथकं चालवली. त्यांतल्या एका पथकाबरोबर मी बालरोगतज्ज्ञ म्हणून गेले. औषधं भारतातून यायची, पेशंट बहुतेक गरीब बायका आणि त्यांची मुलं. जायच्या आधी मला सांगण्यात आलं होतं की भाषेची चिंता करू नका, पूर्व अफगाणिस्तानात उर्दू समजणारी माणसं खूप आहेत. ते खरंही होतं. लाखो लोक पेशावरच्या बाजूला निर्वासितांच्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहून परतले होते. बाजारात भाजी घेताना माझं मराठी वळणाचं हिंदी सहज खपून जायचं.

पण बाजारात पुरुष भेटतात. दवाखान्यात माझ्यासमोर येत त्या कुनार नदीच्या पलीकडच्या डोंगरांतल्या बायका. पहाटे निघून, पायी उतरून, मग कुठल्या तरी गाडीच्या मागच्या बाजूला बसून आलेल्या. त्यांना उर्दू येत नसे, पश्तोसुद्धा मोडकीतोडकीच. दारी, म्हणजे तिकडची फारसी, तर नाहीच. बरोबर आलेला नवरा, दीर किंवा भाऊ पश्तोत सगळं सांगायचा आणि बाई पदर पुढं ओढून खाली बघत बसायची. मूल तिच्या मांडीवर, दूध ती पाजणार, रात्र तिनं जागून काढलेली, आणि उत्तरं देणारा तिसराच. बालरोगतज्ज्ञाला यापेक्षा वाईट परिस्थिती नाही. मूल बोलत नाही आणि आईचं बोलणं आपल्यापर्यंत पोचत नाही.

खाला या बायकांशी बोलायची. ती दर्रा-ए-नूरची. जलालाबादच्या उत्तरेला, कुनार नदी ओलांडली की शेवा लागतं आणि तिथून वर डोंगरात शिरणारी ही दरी. खाली भाताची खाचरं, वर गहू-मका, त्याच्याही वर बकऱ्यांची कुरणं आणि उतारावर एकावर एक चढवलेली घरं, खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. हे सगळं मी खालाकडून ऐकलेलं. मला तिकडं जायची परवानगी कधीच मिळाली नाही. नवरा लढाईत गेला, मुलांना घेऊन ती छावणीत राहिली, तिथं पंजाबी डॉक्टरणीच्या घरी काम करताना उर्दू शिकली. पश्तो तिला येत होतीच. आणि तिची स्वतःची भाषा पशाई.

हे नाव मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. तेही तिनं आपणहून सांगितलं नाही. तू काय बोलतेस असं विचारलं की ती म्हणायची, ‘अपनी बोली.’ कुणी त्याला देहगानी म्हणे, लघमानकडचे लोक लघमानी म्हणत, कपिसाकडचे कोहिस्तानी. एका भाषेला इतकी नावं, कारण प्रत्येक दरीला स्वतःला ओळखण्यासाठी दरीचं नाव पुरेसं होतं. पशाई हे नाव बाहेरच्याला समजावं म्हणून.

तिच्या उर्दूत मला हळूहळू काही गोष्टी खटकू लागल्या. खटकू लागल्या म्हणजे चुकीच्या वाटल्या असं नाही, लक्ष वेधून घेऊ लागल्या. ती ‘माँ’ असं कधी नुसतं म्हणत नसे. ‘इसकी माँ’, ‘मेरी माँ’, ‘उसकी ख़ाला’, नातं आलं की ते कुणाचं हेही आलंच पाहिजे. सुरुवातीला मला वाटलं, तिची सवय. पुढं कळलं की पशाईत नात्याच्या शब्दाला ‘माझी-तुझी-त्याची’ सांगणारा प्रत्यय चिकटलेला असतो, तो नसेल तर शब्द उघडा पडतो. एकाच घरात तीन जावा आणि त्यांची नऊ मुलं असताना हा प्रत्यय किती कामाचा आहे हे माझ्याइतकं कुणाला पटणार? ‘मुलाला आईनं काल काय दिलं’ हा माझा प्रश्न खाला कधी तसाच पुढं पाठवत नसे. कुठल्या मुलाची कुठली आई हे आधी पक्कं करून घ्यायची.

वय विचारलं तर ती विसांनी मोजायची. ‘तीन बीस और थोड़ा ऊपर.’ माझी पैठणची आजी अंडी आणि गोवऱ्या विसांनीच मोजायची, ‘चार विसा झाल्या गं.’ ते ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं होतं. आणि औषध दिवसातून तीनदा घ्यायचं असं ती बायकांना सांगायची तेव्हा त्या ‘तीन’ची सुरुवात कशी होते हे ऐकायला मी मुद्दाम कान द्यायची. जीभ ‘ल’च्या जागी टेकलेली, पण आवाज नाही, नुसती हवा जिभेच्या कडांनी घासत बाहेर पडते. मराठीत, हिंदीत असा ध्वनी नाही. मी आरशासमोर पुष्कळ प्रयत्न केला. खाला हसून तोंडावर हात ठेवायची आणि परत म्हणून दाखवायची. संस्कृतातल्या ‘त्रि’चा ‘त्र’ त्या डोंगरात हजारो वर्षांत असा झिजून हवेचा झाला आहे, हे मला खूप नंतर पुस्तकात वाचायला मिळालं.

आता कुरंगलच्या एका बाईबद्दल सांगते, कारण पशाई ही एक भाषा नव्हे हे मला तिच्यामुळं समजलं.

उन्हाळा होता. जलालाबादचा उन्हाळा विदर्भाची आठवण करून देतो. दुपारची वेळ, बाह्यरुग्ण विभाग आवरत आला होता. एक तरुण बाई सात-आठ महिन्यांचं मूल घेऊन आली, बरोबर तिचा दीर. कुरंगलहून आलेली. कुरंगल म्हणजे पेच नदीला मिळणारी, कुनार प्रांतातली उंच दरी. देवदाराची जंगलं, लाकडाचा धंदा. जगाला ही दरी नंतर कोरेंगल या नावानं लढाईसाठी माहीत झाली. मुलाला तीन दिवस जुलाब होत होते, असं दिरानं पश्तोत सांगितलं. खालानं ते मला उर्दूत दिलं. मूल सुकलेलं होतं, टाळू खाली गेलेली. पण नुसतं सुकलेलं मूल किरकिरतं. हे फार शांत होतं. मी पापणी वर केली तर बाहुल्या मोहरीएवढ्या. श्वास सावकाश, मध्ये थांबणारा.

अफू. त्या भागात खोकल्याला, जुलाबाला, रडण्याला अफूचा तुकडा देणं नवीन नव्हतं. मला त्याबद्दल राग येत नसे. मुंबईच्या गिरणगावातल्या बाया कामावर जाताना बाळाला अफूची बाळागोळी देत, हे मी शिकत असताना वाचलं होतं. जिथं डॉक्टर दोन दिवसांच्या चालीवर आहे तिथं आई हाताशी जे आहे तेच देणार. पण किती दिली आणि शेवटची कधी दिली, हे मला लगेच हवं होतं. दिरानं साफ सांगितलं, असलं काही आमच्या घरात नाही. त्याचा आवाज चढला. बाई खाली बघत होती.

खालानं मला डोळ्यानं थांबवलं. दिराला तिनं मोठ्या अदबीनं पश्तोत सांगितलं की कागदावर शिक्का हवा आहे, तो दाराजवळच्या खोलीत मिळेल. तो गेला. मग ती बाईजवळ खाली बसली आणि आपल्या भाषेत बोलू लागली. बाईनं मान वर केली. चेहऱ्यावर ओळखीचं काही तरी उमटलं, आणि पुढच्याच वाक्याला ते विरून गेलं. खालानं परत विचारलं, शब्द बदलून. बाईनं उत्तर दिलं. आता खालाच्या कपाळाला आठी. ती माझ्याकडं वळून म्हणाली, ‘बेटी, है तो हमारी ही, पर मैं आधा समझती हूँ। आधे पर दवा मत देना।’

माझे हात तोवर चालू होते. सलाईनसाठी शीर सापडत नव्हती, सिस्टर अंबू बॅग घेऊन उभी होती, अफूवरच्या उताऱ्याची, नालोक्सोनची, एकच कुपी कपाटात होती. खाला उठली, बाहेर बायकांच्या रांगेत गेली आणि मोठ्यानं काही तरी विचारलं. एक पोर आत आली, सोळा-सतरा वर्षांची असेल, स्वतःचं तान्हं कडेवर. ती माहेरची आरेत खोऱ्यातली, लग्न होऊन दर्रा-ए-नूरला आलेली. तिचं माहेर कुरंगलच्या बाजूचं, बोली जवळची. सासरची बोली तिनं दोन वर्षांत सासूच्या शिव्या खात उचलली होती, असं तिनंच नंतर सांगितलं.

मग प्रश्न असा जाऊ लागला. मी उर्दूत खालाला. खाला दर्रा-ए-नूरच्या पशाईत त्या पोरीला. पोरगी आरेतच्या पशाईत कुरंगलच्या बाईला. उत्तर त्याच वाटेनं उलटं. ‘पहिल्या दिवशी हरभऱ्याएवढी. काल रात्री परत. आज पहाटे निघताना परत, वाटेत रडू नये म्हणून.’ ‘दूध?’ ‘सासू नको म्हणाली, पोट बिघडलंय म्हणून. पाणीही नाही.’ ‘लघवी?’ ‘काल संध्याकाळपासून नाही.’ ही तीन उत्तरं माझ्याकडं आली तेव्हा खालानं प्रत्येक उत्तरानंतर पोरीला पुन्हा विचारून घेतलं होतं. तिनं काही जोडलं नाही, काही गाळलं नाही, बाईचा दोष होईल असा स्वर लावला नाही. तिघी एकमेकींना धरून बसल्या होत्या. दीर शिक्का घेऊन परतला तेव्हा मूल सलाईनवर होतं आणि आईनं दुधाला लावलं होतं. पहाटेपर्यंत त्याचा श्वास मोजत मी बसले. सकाळी ते रडलं, अगदी कडक आवाजात, आणि सगळा वॉर्ड हसला.

मी मुलावर उपचार केले हे खरं. पण ते मूल त्या तीन बायकांनी वाचवलं, असं मी मानते. त्यांतल्या दोघींच्या नावानं दवाखान्याच्या कुठल्याही कागदावर काहीही नोंद झाली नाही. केसपेपरवर भाषेचा रकाना होता, त्यात पश्तो, दारी आणि इतर. कारकुनानं इतरवर खूण केली.

‘इतर’मध्ये काय काय मावलं होतं हे समजून घेतल्याशिवाय मग मला चैन पडेना. खालाला विचारलं तर ती दऱ्यांची नावं घ्यायची. अलिशांग, अलिंगार, चलास, कुर्दार, तगाब, निजराब, पार पश्चिमेला पंजशीरच्या तोंडाशी गुलबहार. कपिसापासून लघमान, नंगरहार, कुनारपर्यंत पसरलेला हा पट्टा. मध्ये मोठ्या नद्यांच्या मैदानांत पश्तो आणि फारसी बोलणारे, आणि कडेकडेच्या दऱ्यांत पशाई. भाषाशास्त्रज्ञ आज तिचे चार गट धरतात, आग्नेय, नैर्ऋत्य, ईशान्य आणि वायव्य. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्याला समजत नाही. म्हणून काही जण पशाईला एक भाषा न म्हणता ‘पशाई भाषा’ असं अनेकवचनात म्हणतात. मला दुसरं म्हणणं पटतं, आणि त्याचा पुरावा मी दुपारी अडीच वाजता एका गुदमरणाऱ्या मुलाच्या उशाशी पाहिलेला आहे.

बाबराला हे दिसलं होतं. काबूलमध्ये अकरा-बारा भाषा बोलल्या जातात असं तो आपल्या आठवणींत लिहितो, आणि त्या यादीत पशाई आणि लमघानी ही दोन नावं वेगवेगळी येतात. १८३८ मध्ये रॉबर्ट लीच या इंग्रज अधिकाऱ्यानं त्या बाजूच्या बोलींचे शब्द गोळा करून छापले, त्यातही पशाई आणि लघमानी वेगळ्या. त्याच्या कितीतरी आधी मार्को पोलोनं बदख्शानच्या दक्षिणेला पशाई नावाच्या मुलुखाची नोंद केली होती, तिथले लोक स्वतःची भाषा बोलतात म्हणून. आणि त्याच्याही आधी, आज जिथं पश्तो कानावर येते त्या खालच्या मैदानात, लंपाक, नगरहार आणि कपिशा ही बौद्ध राज्यं होती. ह्युएन त्संग सातव्या शतकात तिथून गेला. पाणिनीच्या एका सूत्रात कापिशी येते. पशाई लोक हे त्या जुन्या रहिवाशांचे वंशज असावेत, पुढं मैदानात नव्या टोळ्या आल्या तसे ते दऱ्यांत वर सरकले, असं अभ्यासकांचं मत आहे.

खालाला मी एकदा हे सांगितलं. लघमानमध्ये आणि दरुंत्याजवळ, जिथं आता धरण आहे तिथं, सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले आहेत, अरमाइक लिपीतले. दरुंत्याच्या लेखात तर अरमाइकच्या मध्येमध्ये प्राकृत शब्द आहेत. आमच्या सोपाऱ्यालाही त्याच राजाच्या लेखाचा तुकडा सापडला. तिनं विचारलं, ‘तो राजा तुमचा की आमचा?’ मी म्हटलं, दोघींचा. तिला ते फार आवडलं. दवाखान्यातल्या प्रत्येक सिस्टरला तिनं ते ऐकवलं.

परत आल्यावर माझ्याजवळ एक वही होती. त्यात खालाकडून ऐकलेली वाक्यं मी देवनागरीत उतरवली होती, दुखतं कुठं, कधीपासून, मूल पितंय का, अशी. पुण्याला एका निवृत्त प्राध्यापकांकडे ती घेऊन गेले. त्यांनी ती उघडून मोठ्यानं वाचली, माझ्या खुणा समजावून घेतल्या आणि मग मला ग्रंथालयात नेऊन एका कपाटापुढं उभं केलं. त्या गृहस्थांचंही माझ्यावर ऋण आहे. डॉक्टर बाईला भाषाशास्त्र कशाला, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

त्या कपाटातलं पहिलं पुस्तक वाचून मला वाईट वाटलं. जॉर्ज ग्रिअर्सन हा फार मोठा माणूस. भारतातल्या भाषांची पाहणी त्यानं केली, मराठीचा खंड त्याच्याच योजनेत १९०५ साली निघाला. पण काश्मीरपासून काबूलपर्यंतच्या या डोंगरी भाषांना त्यानं १९०६ मध्ये पिशाच भाषा असं नाव दिलं. प्राकृत व्याकरणकारांची पैशाची हीच, असा त्याचा तर्क. मी पैठणची. गुणाढ्याची गोष्ट आमच्याकडं लहानपणीच कानावर पडते. सातवाहन राजाच्या दरबारात पैज हरून त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या, अरण्यात पिशाचांची भाषा शिकून त्यात बृहत्कथा लिहिली आणि राजानं ती झिडकारल्यावर पानं एकेक करून आगीत टाकली. ती कथा मला प्रिय आहे. म्हणूनच ते नाव खालाच्या भाषेला लावलेलं पाहून पोटात कालवलं. त्या भाषेत एका आईनं स्वतःला अडचणीत टाकणारं खरं सांगितलं होतं. ग्रिअर्सनचा तो सिद्धान्त पुढं टिकला नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

तो मागं पडला त्यात गेओर्ग मोर्गनस्टिएर्न या नॉर्वेच्या पंडिताचा वाटा मोठा. पशाई आणि तिच्या शेजारणी मराठी-हिंदीच्याच कुळातल्या, हिंदी-आर्य, आणि वरच्या नूरिस्तानच्या भाषा त्यांहून निराळ्या, हे त्यानं व्यवस्थित दाखवून दिलं. तो १९२४ साली काबूलला आला. देशात बंड उसळलेलं, दऱ्यांत जाणं अवघड. मग तो काबूलमध्येच बसला आणि कामधंद्यासाठी शहरात आलेल्या दऱ्यांतल्या माणसांना गाठून त्यांच्याकडून शब्द, वाक्यं, गाणी लिहून घेऊ लागला. त्याचं पशाईवरचं काम तीन भागांत आहे. गाणी आणि गोष्टी १९४४ मध्ये छापल्या, नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना. शब्दसंग्रह १९५६ मध्ये. व्याकरण १९६७ मध्ये. पहिला शब्द ऐकल्यापासून व्याकरण छापेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षं त्यानं ही भाषा सोडली नाही. त्या जाड पुस्तकांत मला खालाच्या भाषेची ती सगळी वळणं सापडली. ‘असणे’ या क्रियापदाची सजीवासाठी आणि निर्जीवासाठी दोन वेगळी रूपं. भूतकाळात आपल्या ‘मी भाकरी खाल्ली’सारखीच कर्त्याला मागं सारणारी रचना. नात्यांचे प्रत्यय. टर्नरच्या हिंदी-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात एकाच मूळ शब्दाखाली पशाई आणि मराठी रूपं जवळजवळ छापलेली असतात. पान उलटताना मी दोन्हींवर बोट ठेवून वाचायची.

पण मोर्गनस्टिएर्न वाचताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्याच्यासमोर बसलेल्या माणसांकडं जाई. काबूलला हमालीला, मजुरीला आलेली माणसं. परका साहेब विचारतोय, तुमच्याकडं चंद्राला काय म्हणतात, सुनेला काय म्हणतात, आणि तो माणूस काम बुडवून सांगतोय. एकदा नव्हे, दहा वेळा, साहेबाला ऐकू येईपर्यंत. खाला माझ्यासाठी आरशासमोर ‘तीन’ म्हणायची तसं. अभ्यासाची ही सारी इमारत त्यांच्या घशावर उभी आहे. त्यांना दिवसाची मजुरी मिळाली असेल. ऋण त्यानं फिटलं असं मला वाटत नाही, आणि मोर्गनस्टिएर्नलाही वाटलं नसावं, नाही तर माणूस चाळीस वर्षं कशाला खपेल!

खालाला स्वतःला लिहिता येत नव्हतं. तिच्या लहानपणी तिची भाषाही लिहिली जात नव्हती. पण मी जलालाबादला असतानाच तिची नात एक पातळसं पुस्तक घेऊन दवाखान्यात आली. दर्रा-ए-नूरमध्ये २००३ च्या सुमारास, गावातल्या लोकांनी आणि बाहेरून आलेल्या मदतनिसांनी मिळून पशाईसाठी लेखनपद्धती ठरवली होती, अरबी लिपीतच, जिथं अक्षर नव्हतं तिथं नवं घडवून. बायका-मुलींचे साक्षरता वर्ग सुरू झाले होते. पोरीनं बाकावर बसून आजीला वाचून दाखवलं. बकरीबद्दल काही तरी होतं. खालानं तिला मध्येच थांबवलं आणि म्हणाली, असं आमच्या गावात नाही म्हणत, असं वरच्या गावात म्हणतात. दोघींचं त्यावर चांगलं अर्धा तास भांडण झालं. मला त्या भांडणाचा अर्थ नंतर कळला. कुठल्या गावाची बोली पुस्तकात जायची, हा प्रश्न प्रत्येक लिहू लागलेल्या भाषेला सोडवावा लागतो, आणि इथं तो एका आजी-नातीत माझ्या डोळ्यांदेखत चालला होता.

२००४ च्या अफगाण राज्यघटनेत पशाईचं नाव आलं. जिथं ती बहुसंख्यांची भाषा आहे तिथं तिला तिसऱ्या अधिकृत भाषेचा दर्जा मिळेल, असं सोळाव्या कलमात लिहिलं गेलं. २००६ च्या राष्ट्रगीतात देशातल्या जमातींची यादी होती, तीत पशाईही होते. खालानं रेडिओवर ते ऐकलं तेव्हा मी तिथं नव्हते, पण तिनं फोनवर सांगितलं. ‘हमारा नाम भी लिया, बेटी.’ ती घटना आणि ते गीत, दोन्ही २०२१ च्या ऑगस्टनंतर बाजूला पडली. त्याच सुमारास तिचा फोन लागायचा बंद झाला. त्याआधीही तो महिनोन् महिने लागत नसे, म्हणून मी अजून नंबर ठेवला आहे.

कुरंगलच्या लढाईवर २०१० मध्ये ‘रेस्ट्रेपो’ नावाचा माहितीपट निघाला. अमेरिकन सैनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती दरी सोडून गेले. जगभर लोकांनी तो पाहिला, मीही पाहिला. मला ते मूल आठवत राहिलं, तोवर शाळेच्या वयाचं झालेलं. दरीतली म्हातारी माणसं पडद्यावर बोलत होती आणि मी डोळे मिटून त्यांच्यात खालाचा ‘तीन’ शोधत होते. ज्यांनी हा चित्रपट पाहिला त्यांच्यातल्या किती जणांना ही माणसं घरी कुठली भाषा बोलतात हे ठाऊक असेल? युद्धात भाषा कळली नाही तर काय होतं हे मी बालरोगतज्ज्ञ म्हणून जेवढं सांगू शकते तेवढं सांगितलं. पुढचं ज्यानं त्यानं ओळखावं.

मी आता नंदुरबार जिल्ह्यात काम करते. सातपुड्यातून उतरून येणाऱ्या बायका समोर बसतात, आणि बरोबर आलेला पुरुष मराठीत उत्तरं देतो. धडगावकडची पावरी, अक्कलकुव्याकडची देहवाली, नवापूरची मावची. कागदावर मात्र पूर्वी एकच शब्द असायचा, आदिवासी. इथं रुजू झाल्यावर मी पहिली मागणी केली ती दुभाषी बायकांची, आयांच्या कामातून वेळ काढून नव्हे, स्वतंत्र, पगारी. ती मंजूर व्हायला वेळ लागला. पण केसपेपरवर आता ‘बोली’ असा रकाना आहे, आणि त्याखाली ‘कोणामार्फत विचारलं’ अशी एक ओळ. त्या ओळीवर, डॉक्टरच्या सहीच्या वर, विचारणाऱ्या बाईची सही लागते. सध्या तिघी आहेत. एक पावरीची, एक देहवालीची, आणि तिसरी माहेर-सासरमुळं दोन्ही बोली येणारी. ही तिसरी अजून अंगठा उठवते. सही शिकायचं चालू आहे, नावातलं जोडाक्षर तेवढं अडतं.